अडतीस ओळी

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. इमारतीत ती सगळ्यात जुनी, लिफ्टच्याही आधीची. तळमजल्यावर रक्ताच्या नळ्या यायच्या, दुसऱ्या मजल्यावरची यंत्रं त्या रक्तातली जनुकं वाचायची आणि तिसऱ्या मजल्यावर ताई आणि तिची चार माणसं त्या वाचनातून अर्थ काढणारे प्रोग्राम लिहायची. रुग्ण तिला कधी दिसत नसत. त्यांचे आकडे दिसत, आणि आकड्यांशी तिचं बरं जमायचं.

घरात मात्र ती ढब्बू होती. हे नाव दादाने ठेवलेलं. लहानपणी ती इतकी गुबगुबीत होती, की दादा तिला पाण्यात सोडायचा आणि म्हणायचा, "बघा, हिला शिकवायची गरजच नाही, ही बुडतच नाही." पुढे दादा खरोखरच पोहण्याचा मास्तर झाला. गावातल्या तलावावर त्याने वीस वर्षं मुलांना पाण्यात ढकललं आणि बाहेर काढलं. गळ्यात शिट्टी असायची, पण ती नुसती शोभेची. त्याच्या आवाजापुढे शिट्टीची काय कथा! बिचकणाऱ्या पोरांना तो म्हणायचा, "पाणी चावत नाही रे, मी चावतो."

चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याला बुटाची नाडी बांधता येईना. सुरुवातीला सगळ्यांनी थट्टेवारी नेलं. मग कान गेले. पायातला जोर जायला लागला. घास गिळताना ठसका लागायला लागला. मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी जनुकांची तपासणी करायला सांगितली, तेव्हा ताई हरखलीच. आपलंच तर काम! दादाच्या दंडाला पट्टा बांधला जात असताना तिने ओठ दिसतील असं समोर उभं राहून गप्पा मारल्या, रक्ताची नळी स्वतः पिशवीतून आणली, तळमजल्यावर स्वतः जमा केली. बावीस दिवसांनी अहवाल आला. आजाराशी संबंध लागेल असं काही आढळलं नाही. तिने त्याच दुपारी वहिनीला फोन लावला आणि सांगितलं, "दादाला सांग, पास झाला म्हणावं!"

दादा त्यानंतर पावणेदोन वर्षं जगला. शेवटी श्वासाचे स्नायूच थकले. त्याला जाऊन चौदा महिने झाले होते, आणि ताई पुन्हा पूर्वीसारखी वेळेवर कामावर यायला लागली होती, तेव्हाची ही गोष्ट.

त्या दिवशी सकाळी चाळणी तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. चाळणी म्हणजे प्रोग्राम तपासणारी मुलगी. तिच्या हातून खडा सुटत नसे म्हणून हे नाव पडलेलं, आणि तिला ते आवडायचंही. जुना सगळा कोड नव्या यंत्रणेवर हलवायचं काम चालू होतं आणि जुनं-नवं जुळतं की नाही ते ती ताडून बघत होती.

"ताई, एक विचारू? रागवायचं नाही."

"तू असं म्हणालीस की काहीतरी सापडलेलं असतं. विचार."

"तपासणीच्या तुकड्यांची यादी आहे ना आपली, तिच्यात मूळ फाइलपेक्षा अडतीस ओळी कमी का आहेत?"

ताई हसली. तिला उत्तर पाठ होतं. "त्या दुहेरी होत्या. मीच काढल्यात. लॉगमध्ये दर वेळी छापून येतं बघ, हिरव्या अक्षरात, अडतीस दुहेरी ओळी काढल्या. अकरा वर्षं येतंय."

"हो, ते बघितलं मी." चाळणी जागची हलली नाही. "पण मग मूळ फाइल उघडून बघितली. ताई, त्या दुहेरी नाहीत वाटतं. जरा बघता?"

ती यादी म्हणजे प्रयोगशाळेचा कणा. माणसाची जनुकं म्हणजे अक्षरांची अतिशय लांब दोरी. सगळी दोरी वाचायची नसते, आजारांशी संबंध असलेले ठरावीक तुकडेच वाचायचे असतात. यादीत एकेका तुकड्याची एकेक ओळ. कुठलं गुणसूत्र, तुकडा कुठल्या जागी सुरू होतो, कुठे संपतो, तिथे जनुक कुठलं, आणि सगळ्यात शेवटी एक बारकं चिन्ह. अधिक किंवा उणे. कारण ती दोरी दोन धाग्यांची असते. काही जनुकं एका धाग्यावर असतात, ती डावीकडून उजवीकडे वाचायची. काही समोरच्या धाग्यावर असतात, ती उजवीकडून डावीकडे. आणि कधी कधी एकाच जागी दोन्ही धाग्यांवर दोन वेगळी जनुकं असतात. जागा तीच, सुरुवात-शेवट तोच, पण जनुकं दोन आणि वाचायच्या दिशाही दोन.

चाळणीने पडद्यावर दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या. गुणसूत्र तेच. सुरुवात तीच. शेवट तोच. एकीच्या टोकाला अधिक, दुसरीच्या टोकाला उणे.

"अशा अडतीस जोड्या आहेत," चाळणी हळू आवाजात म्हणाली. "तुमचा सॉर्ट गुणसूत्र बघतो, सुरुवात बघतो, शेवट बघतो आणि ओळी क्रमाने लावतो. धागा बघत नाही. मग लागोपाठच्या दोन ओळींत हे तिन्ही आकडे सारखे दिसले की दुसरी ओळ टाकून देतो."

ताईने आपला कोड उघडला. अकरा वर्षांपूर्वीचा. तेव्हा ती नवी होती, हुशार होती, आणि तिला घाई होती. फाइलमध्ये काही ओळी दोनदा आल्यात असं तिला दिसलं होतं. ज्याने टंकलं त्याने झोपेत टंकलं असणार, असं म्हणून तिने तीन ओळींत तो प्रश्न मिटवला होता आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली होती. त्या तीन ओळींच्या वर तिच्याच हातची टीप होती: धाग्याचं सध्या नको, नंतर बघू.

"ज्या जोडीत अधिकची ओळ फाइलमध्ये आधी आली, तिथे अधिक राहिला. उणेची आधी आली, तिथे उणे," चाळणी म्हणाली. "जी ओळ गेली त्या जनुकाकडे आपण अकरा वर्षांत एकदाही बघितलेलं नाही. म्हणजे अक्षरं वाचलीत आपण, पण या बदलाने त्या जनुकाचं काय होतं, हे विचारलंच नाही. ज्याला विचारलं ते म्हणालं, माझं काही बिघडलं नाही."

"कळलं मला," ताई म्हणाली.

तिला सगळंच कळलं होतं. पुढचंही. दादाच्या नमुन्याचा क्रमांक तिला स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ होता. आठ आकडे टंकायचे, अडतीस ओळी परत घालायच्या, पाच मिनिटांत उत्तर. पण आपल्या माणसाचा नमुना आपण उघडायचा नाही, हा तिथला नियम होता आणि तो नियमही तिनेच इतरांना शिकवला होता.

ती उठली आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. जे झालं ते तिने उभ्याउभ्या सांगितलं. मोठे डॉक्टर चिडके म्हणून प्रसिद्ध होते, पेन सापडलं नाही तरी मजला डोक्यावर घ्यायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "सगळे जुने नमुने पुन्हा चालवा. आजपासून. जे अहवाल बदलतील ते माझ्याकडे."

खोलीतून बाहेर पडून ताई चाळणीकडे आली. "तू चालव. मी त्यात हात घालणार नाही. आणि एक सांगते, त्यात माझा दादा आहे."

चाळणीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "ताई, मला माहीत नव्हतं हो."

"तुला कसं माहीत असणार! चालव तू."

साडेचार हजार नमुने होते. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत ताईने तो सॉर्ट नीट लिहिला. गुणसूत्र, सुरुवात, शेवट, आणि सगळं सारखं असेल तर धागा, आधी अधिक, मग उणे. आणि ओळ दुहेरी ठरवायची तर धागाही जुळला पाहिजे. सगळा मिळून एकच शब्द वाढवायचा होता. अक्षरशः एक शब्द. तो तिने टंकला आणि पुढची पंधरा मिनिटं नुसती पडद्याकडे बघत बसली. हात कीबोर्डवरच.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर चाळणी आली. शेजारची खुर्ची ओढून बसली आणि ताईच्या मनगटावर हात ठेवला. एरवी ही मुलगी आकडा सांगितल्याशिवाय वाक्य पुरं करायची नाही.

"किती?" ताईने विचारलं.

"नऊ बदलले."

"त्यात आहे?"

चाळणीने होकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी ताईला बसायला सांगितलं, दार लावून घेतलं. दादाच्या जनुकांतल्या एका जागी आईकडूनही आणि वडिलांकडूनही तोच बदल आला होता. अधिकच्या धाग्यावर जे जनुक होतं, त्याला त्या बदलाने काही होत नव्हतं. उणेच्या धाग्यावरचं जनुक मात्र त्याच बदलाने पार निकामी झालं होतं. एक साधं जीवनसत्त्व मज्जातंतूंपर्यंत पोचवायचं काम त्या जनुकाचं. ते पोचत नव्हतं, म्हणून तंतू उपाशी मरत होते.

"यावर औषध आहे?" ताईने विचारलं.

"ताई, आता त्याचा काय उपयोग..."

"डॉक्टर, आहे का?"

"तेच जीवनसत्त्व. मोठ्या मात्रेत, गोळ्यांतून. मात्रा मोठी असली की थोडं तरी आत शिरतं."

"तेव्हा कळलं असतं तर?"

डॉक्टरांनी बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "कान परत आले नसते बहुतेक. चालणं थोडंफार सुधारलं असतं, सांगता येत नाही. श्वास..." ते थांबले. "खोटं बोलू का तुमच्याशी?"

"नको."

"श्वास राहिला असता असं मला वाटतं."

ताईने मान डोलावली, जणू कुणी तिला बैठकीची वेळ सांगितली होती. पत्र कार्यालयातून जाईल, तुम्ही जायची गरज नाही, दुसरं कुणीतरी जाऊन कुटुंबाशी बोलेल, असं डॉक्टर सांगत होते. तिने एवढंच म्हटलं, "ते कुटुंब माझं आहे."

रविवारी सकाळी ती वहिनीकडे गेली. वहिनी पडदे शिवायची. बाहेरच्या खोलीत शिलाई यंत्र, त्याच्या मागे भिंतभर लोंबणारे कापडाचे तागे, आणि जमिनीवर एक लांबच लांब निळा पडदा अंथरलेला. वहिनी त्यावर गुडघ्यांवर बसून दुमड घालत होती. ओठांत चारपाच टाचण्या.

"ये गं ढब्बू," ती टाचण्यांच्या फटीतून म्हणाली. "दार लोट तेवढं, वाऱ्याने कापड उडतं. भाची तुझी कॉलेजला गेलीय, रविवारचंसुद्धा कसलं तरी प्रॅक्टिकल आहे म्हणे. चहा टाकू? का आधी ही दुमड संपवू?"

"वहिनी, आधी माझं ऐकतेस? खुर्चीवर बस ना."

वहिनीने तिच्याकडे बघितलं आणि टाचण्या एकेक करून ओठांतून काढल्या. खुर्चीवर मात्र बसली नाही. तिथेच निळ्या कापडावर बसून राहिली.

ताईने वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. ती म्हणाली, "दादाचा रिपोर्ट चुकीचा होता."

"कुठला रिपोर्ट?"

"आमचा. जनुकांचा. काही आढळलं नाही असं आलं होतं तो. आढळायला हवं होतं. होतं त्यात."

यंत्राच्या वर घड्याळ टिकटिकत होतं. वहिनीने बोटातलं अंगुस्तान काढलं आणि पुन्हा घातलं.

"चूक कुणाची?"

"माझी."

"तुझी म्हणजे तुमच्या लॅबची."

"नाही वहिनी. माझी. मी लिहिलेलं होतं ते. अकरा वर्षांपूर्वी. दोन धागे असतात बघ, एकावरचं इकडून वाचायचं, दुसऱ्यावरचं तिकडून, आणि मी ओळी लावताना..."

"मला शिकवू नकोस," वहिनी म्हणाली. आवाज साधाच होता. "औषध होतं?"

"होतं."

"ऑपरेशन?"

"गोळ्या."

"कुठे मिळतात?"

"औषधाच्या दुकानात."

वहिनीने खिडकीकडे बघितलं. खिडकीतून कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान दिसत होतं, उघडं, बाहेर दोन माणसं उभी. ती त्या माणसांची कामं होऊन ती निघून जाईपर्यंत तिकडेच बघत राहिली.

"मी ह्यांना रोज जिना उतरवायचे," ती मग म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. दोन मजले. डॉक्टर म्हणाले होते ना, रिपोर्टमध्ये काही नाही, मनाने घेतलंय, व्यायाम हवा, हलवत राहा. मग मी हलवलं. हे कठड्याला धरून रडायचे. एवढा मोठा माणूस. मी म्हणायचे, चला, अजून सहा पायऱ्या. एकदा खालीच बसले, उठेनात. मी म्हणाले, रिपोर्ट स्वच्छ आहे तुमचा, आता पुरे झाली नाटकं." तिने श्वास घेतला. "ऐकू कुठे यायचं त्यांना. म्हणून मी खाली वाकून, तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाले. सावकाश. ओठ वाचता यावेत म्हणून."

ताई खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ कापडावर बसायला गेली. वहिनीने हात पुढे केला. जवळ घ्यायला नाही, थांबवायला.

"ते उठले बरं का," वहिनी म्हणाली. "मी तसं म्हटल्यावर उठले. आणि उतरले सहा पायऱ्या."

खाली रस्त्यावर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. वहिनीने टाचण्यांची डबी जवळ ओढली, झाकण लावलं, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून जिला कधी तू सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं, त्या नणंदेला म्हणाली, "तुम्ही आता निघा."

"वहिनी..."

"निघा तुम्ही. मला हा पडदा आज द्यायचाय."

ताई जिना उतरली. दोन मजले. प्रत्येक पायरीवर तिचा हात कठड्याला लागत होता आणि तो तिला काढूनही घेता येत नव्हता.

पुढचे दोन महिने कामाचे गेले, आणि काम होतं म्हणूनच ते गेले. नऊपैकी तिघं आधीच वारले होते. दोघांचा पत्ता लागेना. चौघं सापडली. ताईने हाच प्रोग्राम वापरणाऱ्या इतर प्रयोगशाळांना लिहिलं: क्रम लावताना धागा वगळला होता, त्यामुळे वेगळी जनुकं दुहेरी समजून टाकली गेली, दुरुस्ती सोबत जोडली आहे, जुने नमुने कृपया पुन्हा तपासा. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. कार्यालयाचं नाव पुरे, असं मोठे डॉक्टर म्हणत होते. तिने ऐकलं नाही. राजीनाम्याचा कागदही तिने त्यांच्यापुढे ठेवला. तो त्यांनी वाचला, फाडला आणि खेकसले, "आणि मग हे निस्तरणार कोण? मी?"

चौघांतल्या एका गृहस्थांना नेमका दादाचाच आजार होता. लांबच्या गावचे, लाकूडकाम करणारे. गोळ्या सुरू होऊन सहा आठवडे झाले तेव्हा त्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. मोठे डॉक्टर स्वतः तिसऱ्या मजल्यावर सांगायला आले. "पेलाभर पाणी प्यायला तो. ठसका न लागता. बायकोने मोबाईलवर चित्रण करून पाठवलंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या. मग ती स्वच्छतागृहात गेली, नळ पूर्ण सोडला आणि तोंडात रुमाल कोंबून रडली. आनंदाचं रडू कुठलं आणि दुसरं कुठलं, तिला वेगळं करता येईना. त्या अनोळखी माणसाचा तिला क्षणभर राग आला, तू का, म्हणून. त्याची तिला इतकी लाज वाटली, की आरशात बघवेना.

वहिनीला ती दर आठवड्याला फोन लावायची. वहिनी उचलायची नाही. भाचीची तपासणी करणं गरजेचं होतं, ते पत्रातही लिहिलं होतं, पण तुमच्या लॅबमध्ये नाही, असं वहिनीने कार्यालयाला कळवलं होतं. एकदा फक्त तिचा मेसेज आला. "तिचं ठीक आहे." तीन शब्द. ताईने उलट लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी काहीच पाठवलं नाही.

आणि एका दुपारी तळमजल्यावरून फोन आला, तुमच्याकडे कुणीतरी आलंय.

भाची फाटकाशी उभी होती. एकोणीस वर्षांची, दादासारखेच रुंद खांदे, पाठीवर पुस्तकांची पिशवी. ताई जवळ गेली आणि मिठी मारावी की नाही न कळून मध्येच थांबली. भाचीनेच ते अंतर ओलांडलं. मिठी घट्ट होती, पण लवकर सुटली.

"आत्या, आईला माहीत नाही मी इथे आलेय ते."

"बरं. मी नाही सांगणार."

"त्या जनुकाची माझी एक प्रत बिघडलेली आहे, एक चांगली आहे. एक चांगली असली की पुरते म्हणाले. मला काही होणार नाही."

"कळलं होतं मला, ठीक आहे एवढं. पण तुझ्या तोंडून ऐकून..." ताईने भाचीच्या पिशवीचा निसटलेला पट्टा खांद्यावर नीट केला. "जेवलीस का?"

"आत्या, मला एक विचारायचंय. तेवढ्यासाठीच आले. आई दिवसभर काही बोलत नाही. नुसती शिवते. आणि जिना उतरताना मध्येच थांबते, त्याच पायरीवर." भाचीने जमिनीकडे बघितलं. "बाबांना माहीत होतं का? म्हणजे, त्यांनाही तुमचा रिपोर्ट खराच वाटला होता का? आपण नाटक करतोय असं त्यांनाही वाटायचं का?"

ताईने फाटकाचा गज धरला. भर दुपारचं ऊन होतं, लोखंड तापलेलं होतं, तरी तिने हात काढला नाही. नाही गं, असं काही नव्हतं, म्हणून सोडून देता आलं असतं. मुलीला घरी परत जायचं होतं, आईजवळ राहायचं होतं. पण खोटं काही आठवेचना. समोर तो दिवस उभा राहिला.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "हा आजार खरा आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. रिपोर्टवर त्याचा विश्वास नव्हता."

"तुला कसं ठाऊक?"

"मला म्हणाला होता. जायच्या आधी साताठ महिने. मी त्याला भेटायला आले होते, तू तेव्हा तलावावर होतीस. त्याचं बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. मला म्हणाला, ढब्बू, तुमच्या त्या यंत्राला परत विचार ना एकदा. नीट विचार म्हणावं." ताई गजाकडे बघत होती. "आणि मी... मी त्याला हसून, समोर बसून, ओठ दिसतील असं म्हटलं, दादा, यंत्र चुकत नाही रे. तू मन घट्ट कर."

रस्त्यावरून दोन सायकली गेल्या. फाटकाच्या आत कुणीतरी गाडी वळवायचा प्रयत्न करत होतं, मागे-पुढे, मागे-पुढे.

"त्यावर बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. माझ्या डोक्यावर टपली मारली. हात उचलत नव्हता नीट, तरी मारली."

भाचीचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तिने ओठ दाबले, पिशवी सावरली, इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाली, "हे मला सांगायला नको होतंस आत्या."

"हो गं. नको होतं."

"आईला नको सांगूस. कधीच."

"नाही सांगणार."

"मी येईन तुझ्याकडे," भाची म्हणाली. "पण लगेच नाही. लगेच नाही जमणार मला."

"चालेल. तू म्हणशील तेव्हा."

भाची वळली आणि चालायला लागली. रुंद खांदे थोडे पुढे झुकलेले. ताई बघत राहिली. कोपऱ्यावर ती थांबली, आता मागे बघेल असं ताईला वाटलं, पण तिने फक्त रस्ता ओलांडण्याआधी दोन्हीकडे बघितलं आणि पलीकडे गेली.

ताई तिसऱ्या मजल्यावर आली. लिफ्टने नाही, जिन्याने. चाळणीने पडद्यावरून मान वर केली.

"कोण आलं होतं ताई?"

"माझी भाची," ताई म्हणाली. आणखीही काही सांगायचं होतं तिला, पण ती नुसती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. चाळणी उठली, पाण्याचा पेला भरून आणला आणि तो ताईच्या हातात नीट धरला जाईपर्यंत तिने खालून आधार दिला.